धर्माच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं तर?

जनगणना दारात आली आहे. माणसं मोजण्याचा तिचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे आणि १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. या वेळी जात मोजली जाणार असल्यामुळे पारावर, चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर सगळी चर्चा जातीच्या रकान्याची चालू आहे. धर्माचा रकाना सवयीचा झालाय, त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. वास्तविक मराठवाड्यात तोही तितकाच अवघड आहे. लातूर, नांदेड, धाराशिवच्या लिंगायत घरांत ‘धर्म काय सांगायचा’ यावर वर्षानुवर्षं वाद आहे. २०१७ मध्ये स्वतंत्र धर्माच्या मागणीसाठी लातूरला मोठा मोर्चाही निघाला होता. बौद्ध वस्त्यांमध्ये ‘धर्म बौद्धच लिहा’ असं आवाहन केलं जातं. आणि आता प्रत्येक तालुक्याच्या गावात एखादा तरी कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी असते, जी घरच्यांना विचारते, “मी काहीच मानत नाही, मग माझं काय लिहायचं?”

या प्रश्नावर घरात एक तर भांडण होतं किंवा विषय बदलला जातो. पण तो नुसता घरचा प्रश्न नाही. देव मानणाऱ्याचा आणि न मानणाऱ्याचा सरकारशी संबंध काय, मतपेटीशी काय आणि कायद्याशी काय, हे सगळं त्या एका रकान्यात गुंतलेलं आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

रकाना एक, गोष्टी तीन

आपण ‘धर्म’ म्हणतो तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बोलत असतो. एक श्रद्धा, म्हणजे मनात देव आहे की नाही. दुसरी आचार, म्हणजे उपास, वारी, नमाज, वंदना यांतलं आपण काय करतो. तिसरी ओळख, म्हणजे आपण कोणत्या समाजात जन्मलो, लग्न कुठे जुळतं, अंत्यविधी कोणत्या पद्धतीनं होतो.

एकाच घरात या तिन्हींचं गणित वेगळं असू शकतं. आजोबा रोज हरिपाठ म्हणतात. वडिलांचा देवावर फारसा विश्वास नाही, पण गावची दिंडी आहे म्हणून ते पंढरपूरला चालत जातात. मुलगी म्हणते देव आहे की नाही कुणालाच कळणार नाही, पण नवरात्रात मैत्रिणींबरोबर तुळजापूरला पायी जायला ती आनंदानं तयार असते. प्रगणक, म्हणजे घरी माहिती भरायला येणारे शिक्षक किंवा कर्मचारी, तिघांपुढेही ‘हिंदू’ लिहितात. ते चूक नाही. रकान्यात उतरते ती ओळख. श्रद्धा मोजायचं माप कुठल्याच सरकारकडे नाही.

पुढे लागणारे चार शब्द इथेच स्पष्ट करून घेऊ. देव किंवा दैवी शक्ती नाही असं मानतो तो नास्तिक. आहे की नाही हे कळणं शक्य नाही असं म्हणतो तो अज्ञेयवादी. स्वतःला कुठल्याच धर्माचा म्हणवत नाही तो निधर्मी. चौथा शब्द, धर्मनिरपेक्ष, मुळात माणसाबद्दल नाहीच, तो राज्यकारभाराबद्दल आहे. रोज पूजा करणारा माणूसही धर्मनिरपेक्ष राज्याचा कट्टर समर्थक असू शकतो, आणि एखादा नास्तिक त्याच्या विरोधातही असू शकतो.

हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले की गोंधळ होतो. महात्मा फुल्यांनी पुरोहितशाहीवर आयुष्यभर घणाघात केला, म्हणून अनेकजण त्यांना नास्तिक समजतात. पण फुले निर्मिक मानत होते, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा एक कर्ता त्यांना मान्य होता. उलट बाजूला बौद्ध धम्म बघा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. धम्मात सृष्टीकर्त्या ईश्वराला जागा नाही. जैन दर्शनातही जगाचा निर्माता असा देव नाही. म्हणजे ईश्वराशिवायही धर्म असतो.

नास्तिक किती आहेत?

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ३३ हजार लोकांनी स्वतःला नास्तिक नोंदवलं. १२१ कोटींत ३३ हजार. त्यातले साडेनऊ हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातले होते, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. याशिवाय सुमारे २८ लाख ६७ हजार लोकांचा धर्म ‘सांगितला नाही’ या गटात गेला. या गटात नास्तिकही असतील, माहिती न दिलेलेही असतील. त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०२१ मध्ये भारतातल्या सुमारे ३० हजार प्रौढांच्या मुलाखतींवर आधारलेला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ९७ टक्के लोकांनी देवावर विश्वास असल्याचं सांगितलं. पण बौद्धांमध्ये तब्बल एक तृतीयांश लोक म्हणाले की आम्ही देव मानत नाही. भारतातले बहुसंख्य बौद्ध महाराष्ट्रात राहतात. याचा सरळ अर्थ असा की देव न मानणारे आपल्याकडे ३३ हजारांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, ते धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ म्हणून बसलेले आहेत, आणि त्यात काहीही विसंगत नाही. जगाच्या पातळीवर त्याच संस्थेचा अंदाज असा की २०२० मध्ये सुमारे २४ टक्के लोक कोणत्याच धर्माशी स्वतःला जोडत नव्हते. त्यातले बहुतेक भारताबाहेरचे, विशेषतः चीनमधले आहेत.

राज्य कुणाच्या बाजूनं?

जत्रेतल्या कुस्तीच्या फडातला पंच आठवा. तो त्याच गावचा असतो, ग्रामदैवताला नारळ फोडून फडात उतरलेला असतो, लढणाऱ्या दोघांपैकी एखादा त्याच्या भावकीतलाही असू शकतो. पण एकदा सलामी झाली की त्यानं फक्त पाठ टेकली की नाही एवढंच बघायचं. त्याच्या मनात कोण जिंकावं यावर कुणाची बंदी नाही, बंदी आहे ती निकालात ते मिसळण्यावर. धर्मनिरपेक्ष राज्याकडून एवढीच अपेक्षा आहे. मुख्यमंत्री आषाढीला विठ्ठलाची पूजा करोत किंवा न करोत, रेशन, पीकविमा आणि पोलीस ठाण्यातली तक्रार यांत अर्जदाराचा देव विचारला जाता कामा नये.

घटना लिहिणाऱ्यांनी हा विचार जाणीवपूर्वक केला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती सुचवली की उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. पूर्णिमा बॅनर्जी यांनी त्यांना विनवलं की देवाला मताला टाकायची वेळ आमच्यावर आणू नका. कामत हटले नाहीत. मतदान झालं, बाजूनं ४१, विरोधात ६८. त्या सभागृहात देव मानणारेच बहुसंख्य होते, अध्यक्षस्थानी असलेले राजेंद्र प्रसाद तर अत्यंत श्रद्धाळू. मला हा प्रसंग आपल्या लोकशाहीतल्या सर्वांत सुंदर प्रसंगांपैकी एक वाटतो, कारण आपली श्रद्धा दुसऱ्याच्या नावावर लिहायची नाही असं श्रद्धावंतांनीच ठरवलं.

पुढे घटनेच्या २५व्या कलमात आधी सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आलं आणि मग धर्म मानण्याचं, आचरण्याचं, प्रसार करण्याचं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांची मर्यादा त्याला आहे. मंत्री, आमदार, न्यायाधीश यांना पद स्वीकारताना ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ यातलं एक निवडता येतं, आणि कोर्टात साक्ष देताना तीच सोय सामान्य माणसालाही आहे.

हे उलट बाजूनंही लागू आहे. १९६७ मध्ये अल्बानियानं स्वतःला नास्तिक राष्ट्र जाहीर केलं आणि मशिदी, चर्च बंद करून टाकले. प्रार्थना करणं हा तिथे गुन्हा झाला. सरकारनं नास्तिकपणा लादणं हा देव लादण्याइतकाच अत्याचार आहे. नास्तिकांनी हे उदाहरण विसरू नये.

मराठवाड्यानं हे भोगलं आहे

राज्य एका धर्माच्या बाजूला झुकलं की काय होतं, हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. निजामाच्या राजवटीत मंदिर बांधणं, हवनकुंड उभारणं, मिरवणूक काढणं यावर परवानग्यांचा फास होता. १९३८-३९ मध्ये आर्य समाजानं याविरुद्ध सत्याग्रह केला आणि हजारो माणसं तुरुंगात गेली. १९३८ मध्येच औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातली मुलं ‘वंदे मातरम’ म्हणण्यावरच्या बंदीविरुद्ध संपावर गेली. उपासनेचं स्वातंत्र्य ही चैनीची कल्पना नाही, आपल्या आजे-पणज्यांनी त्यासाठी तुरुंगवास सोसला आहे.

मग रझाकार, म्हणजे निजामाची सत्ता टिकवण्यासाठी उभी राहिलेली सशस्त्र संघटना, आले. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करायचा. गावंच्या गावं जळली, लोक सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. पण त्यानंतरच्या काही आठवड्यांत जे झालं ते आपण कमी बोलतो. केंद्रानं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं अहवाल दिला की पोलीस ॲक्शनदरम्यान, म्हणजे हैदराबादवरच्या भारतीय लष्कराच्या कारवाईदरम्यान, आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, त्यातली बहुसंख्य मुस्लिम. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. रझाकारांचं पाप त्यांच्याशी काही संबंध नसलेल्या शेजाऱ्यांच्या माथी मारलं गेलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्याशिवाय मराठवाड्याचा इतिहास पुरा होत नाही.

निजामाविरुद्धच्या मुक्तीलढ्याचं नेतृत्व कोण करत होतं? भगवी वस्त्रं ल्यालेले संन्यासी स्वामी रामानंद तीर्थ. आणि त्यांच्याबरोबर होते मार्क्सवादी विचारांचे गोविंदभाई श्रॉफ. दोघांची जगाकडे बघण्याची दृष्टी वेगळी, मतभेदही झाले, पण जनतेचं राज्य हवं यावर दोघे ठाम होते. संन्यास घेतलेल्या माणसानं धर्माधिष्ठित राज्याची मागणी केली नाही, याला मी फार मोल देतो.

मग कलेक्टर देवस्थानचे अध्यक्ष कसे?

हा प्रश्न योग्य आहे. तुळजाभवानी मंदिर संस्थानचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. वक्फ, म्हणजे मुस्लिमांनी धर्मादाय कामासाठी दिलेल्या मालमत्ता, बघणाऱ्या राज्याच्या वक्फ मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीत आहे आणि ते मंडळ कायद्यानं स्थापन झालेलं आहे. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा कारभार १९५६ च्या, म्हणजे हैदराबाद राज्यात झालेल्या कायद्यानुसार चालतो. मंदिर, दर्गा, मशीद यांच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी आजही तहसीलच्या दप्तरात आहेत आणि त्यावरचे वाद महसूल अधिकाऱ्यांसमोर चालतात.

म्हणजे भारतात सरकार आणि धर्म यांच्यात अमेरिकेसारखी भिंत नाही. आपलं सरकार धर्मसंस्थांच्या पैशात, जमिनीत, व्यवस्थापनात हात घालतं. कारण भाविकांच्या दानाचा गैरवापर झाला तर दाद मागायला जागा हवी. पण श्रद्धेत हात घालायचा नाही, ही मर्यादा आहे. ती नेमकी कुठे ओलांडली जाते यावरच वाद होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेडच्या गुरुद्वारा मंडळावर सरकारनियुक्त सदस्य वाढवण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा शीख समाज रस्त्यावर आला आणि सरकारला तो थांबवावा लागला.

वक्फचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यात अशी अट होती की मालमत्ता वक्फ करणाऱ्यानं आपण किमान पाच वर्षं इस्लामचं पालन करत असल्याचं दाखवावं. १५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही अट स्थगित केली, कारण हे ठरवायचे नियमच अजून केलेले नव्हते. विचार करा, कुठल्या कार्यालयातला कुठला कारकून ठरवणार की अमुक माणूस पाच वर्षं पुरेसा मुसलमान होता? असाच दाखला उद्या माळ घातलेल्या वारकऱ्याकडे मागितला तर?

सगळी सरकारं सगळ्या धर्मांना एकाच तराजूत तोलतात, असं मी म्हणणार नाही. तोलत नाहीत. कुणाच्या देवस्थानाला निधी मिळतो, कुणाच्या बांधकामावर बुलडोझर चालतो, यात पक्षपात दिसतो आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण पंचानं पक्षपात केला म्हणून पंचच नको असं कुणी म्हणत नाही, चांगला पंच मागतात.

मत मागताना देव

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या १२३(३) या कलमानुसार उमेदवारानं किंवा त्याच्या संमतीनं दुसऱ्या कुणी धर्म, जात, वंश, भाषा यांच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. निवडणूक रद्द होऊ शकते. ही नुसती धमकी नाही. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांवरून डॉ. रमेश प्रभू यांची आमदारकी रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर १९९५ ला तो निकाल कायम केला आणि पुढे ठाकरे यांचा मतदानाचा अधिकार सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला. २ जानेवारी २०१७ ला सात न्यायमूर्तींच्या पीठानं चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणंही यात येतं.

तरी प्रत्येक निवडणुकीत धर्म येतो, हे आपण डोळ्यांनी बघतो. कारण राजकारणाला श्रद्धेपेक्षा ओळखीची गरज असते. सभेला आलेल्या माणसाचा देवावर किती विश्वास आहे याच्याशी पुढाऱ्याला देणंघेणं नसतं, तो कुणाच्या बाजूचा आहे एवढं पुरतं. बीड जिल्ह्यातल्या आणि त्याच्या सीमेवरच्या गडांचं, म्हणजे संतांच्या नावानं चालणाऱ्या देवस्थानांचं, उदाहरण घ्या. भगवानगडावरच्या दसरा मेळाव्यानं गोपीनाथ मुंडे यांच्या राजकारणाला मोठी ताकद दिली. पुढे गडाच्या महंतांनी राजकीय भाषणं नकोत अशी भूमिका घेतली आणि २०१७ पासून पंकजा मुंडे यांचा मेळावा भगवानबाबांच्या जन्मगावी, सावरगाव घाटला होऊ लागला. २०२४ च्या दसऱ्याला नारायणगडावर मराठा आरक्षणाचे आंदोलक मनोज जरांगे यांची सभा झाली. गडावर जमलेली माणसं भाविक असतातच, पण त्या दिवशी ती समाज म्हणूनही जमलेली असतात. भक्ती आणि जातीची एकजूट एकाच मांडवात येते, आणि कुठली कुठे संपते ते त्यांनाही सांगता येणार नाही.

याला सरसकट वाईट म्हणणं सोपं आहे. पण ज्या समाजाला दुसरं व्यासपीठच मिळालं नाही, त्याला गडावर, मठात, विहारात, मशिदीत एकत्र येण्याचं बळ मिळालं, हेही खरं. धोका सुरू होतो तो ‘आपल्यातला’ नसलेल्याला शत्रू ठरवल्यावर. धर्म आणि जात यांच्या आवाजात पाणी, सोयाबीनचा भाव, नोकरी हे प्रश्न बुडून जातात, ते नुकसान वेगळंच.

मूठभरांनी काय केलं?

मतांच्या हिशोबात नास्तिक कुठेच नाहीत. तरी सार्वजनिक जीवनावर त्यांचा ठसा आहे, आणि तो कायद्याच्या रूपानं दिसतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा मंजूर झाला. खुनाच्या खटल्याचा निकाल १० मे २०२४ ला लागला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष सुटले.

या कायद्याबद्दल गैरसमज फार आहेत. तो देवाविरुद्ध नाही. त्याच्या १२व्या कलमात काय काय लागू नाही त्याची यादीच आहे. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन, घरातली आणि मंदिर-दर्ग्यातली उपासना, दिवंगत संतांच्या चमत्कारांचं कथन, हे सगळं त्यातून वगळलेलं आहे. इतकंच काय, जोशी-ज्योतिषांचा आणि भूगर्भातलं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याचा सल्लाही वगळला आहे. दुष्काळी मराठवाड्यात बोअर घेण्याआधी नारळ हातात धरून शेत फिरणारा माणूस बोलावला म्हणून कुणावर गुन्हा दाखल होत नाही. गुन्हा आहे तो भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करण्याचा, करणी-भानामतीच्या नावानं अमानुष कृत्य करण्याचा, नरबळीचा, चमत्काराच्या नावावर लोकांना लुबाडण्याचा. भानामतीच्या नावाखाली आपल्या भागात बायकांचे किती हाल झाले आहेत, हे जुन्या माणसांना विचारा.

“पण हे सगळे एकाच धर्मावर बोलतात”

नास्तिकांवरचा हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं. जादूटोणाविरोधी अध्यादेशाखालची पहिली कारवाई सप्टेंबर २०१३ मध्ये नांदेडला झाली. कॅन्सर, मधुमेह, एड्स बरे करण्याची जाहिरात केल्याचा आरोप असलेले ते दोघे मुस्लिम होते. हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं आणि स्वतःच्या समाजाचा रोष पत्करला. मार्च २०१७ मध्ये कोइमतूरला एच. फारूक या मुस्लिम घरात जन्मलेल्या नास्तिक कार्यकर्त्याचा खून झाला. बांगलादेशात २०१३ ते २०१६ या काळात अनेक नास्तिक लेखक मारले गेले. प्रत्येक धर्मात नास्तिक आहेत, आणि बहुतेकांना आधी आपल्याच घराशी भांडावं लागतं.

आक्षेपात तथ्य कुठे आहे? काही बुद्धिवादी भाविकांना मूर्ख समजून बोलतात. सप्ताहात पंगत वाढणारा, वारीत अनोळखी म्हाताऱ्याचे पाय दाबणारा माणूस जे करतो ते त्यांना दिसत नाही. हा त्यांचा दोष आहे, आणि त्यानं त्यांच्याच कामाचं नुकसान होतं. गाडगेबाबांनी बोकड कापण्यावर आणि कर्ज काढून केलेल्या सणांवर कीर्तनातूनच प्रहार केले आणि लोकांनी ते ऐकले, कारण ते लोकांमध्ये बसून बोलत होते.

दुसरा आक्षेप नेहमीचा आहे, की देवाची भीती नसेल तर माणूस नीतीनं का वागेल? उन्हात तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतलं पाणी पाजणारे पैठणचे एकनाथ परम भक्त होते. त्याच गोदेच्या काठी नांदेडला, पीपल्स कॉलेजात शिकवणारे नरहर कुरुंदकर देव मानत नव्हते, आणि सचोटीबद्दल मराठवाडा त्यांचं नाव आदरानं घेतो. बौद्धांचं पंचशील कुठल्याही ईश्वराच्या धाकावर उभं नाही. नीती श्रद्धेतून येते, करुणेतून येते, विचारातून येते. लबाड माणूस मात्र देवळातही लबाडच राहतो.

निधर्मी लिहिलं तर सवलत जाते का?

आता परत त्या रकान्याकडे. धर्म न सांगण्याचा अधिकार आहे का? आहे. राज्याच्या शासकीय मुद्रणालयानं राजपत्रात ‘निधर्मी’ अशी नोंद करायला नकार दिला म्हणून काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. गंमत बघा, ते येशूला मानत होते, पण कुठलाही धर्म त्यांना मान्य नव्हता. २३ सप्टेंबर २०१४ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की मी कोणत्याही धर्माचा नाही असं म्हणायचा अधिकार सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यातच येतो आणि कुठलंही सरकारी कार्यालय धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही.

सवलतींचा भाग थोडा किचकट आहे. अनुसूचित जातींची यादी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशावर चालते. तो आदेश सुरुवातीला मुख्यतः हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. म्हणूनच ‘बौद्ध’ लिहिल्यानं अनुसूचित जातीचा दर्जा जाईल ही भीती आज निराधार आहे. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही. मात्र अनुसूचित जातीची गणना हिंदू, शीख, बौद्ध यांच्यातच होत आली आहे. त्यामुळे या जातींतल्या माणसानं ‘निधर्मी’ सांगितलं तर अनुसूचित जातींच्या एकूण आकड्यातून तो सुटण्याची शक्यता राहते, आणि राखीव मतदारसंघ ठरवताना हाच आकडा वापरला जातो. व्यक्तीचा जातीचा दाखला मात्र जनगणनेवर अवलंबून नाही. जनगणना कायदा, १९४८ च्या १५व्या कलमानुसार तुमची वैयक्तिक नोंद गोपनीय असते.

लग्न आणि वारसा यात नास्तिकालाही जन्माच्या धर्माचा कायदा सोडत नाही. हिंदू घरात जन्मलेल्या नास्तिकाला हिंदू विवाह आणि वारसा कायदेच लागू होतात. लग्नासाठी वेगळी वाट हवी असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. मुस्लिम कुटुंबात जन्मलेल्या, पण श्रद्धा न उरलेल्या केरळमधल्या एका स्त्रीनं आपल्याला शरियतऐवजी सामान्य वारसा कायदा लागू व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आहे.

एक व्यवहारातली गोष्ट राहिली. प्रगणक आला की बहुधा घरचा कर्ता माणूस सगळ्यांची माहिती सांगतो. मुलीला, सुनेला, कॉलेजात गेलेल्या मुलाला कोणी विचारत नाही. २०११ चा ३३ हजारांचा आकडा इतका लहान असण्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. घरचे सांगतील ते प्रगणकानं जसंच्या तसं लिहायचं असतं, नावावरून किंवा गल्लीवरून धर्म ठरवण्याचा त्याला अधिकार नाही. ‘लिंगायत’ सांगितलं तर लिंगायत, ‘बौद्ध’ सांगितलं तर बौद्ध, ‘धर्म नाही’ सांगितलं तर तसं. या वेळी स्वतः ऑनलाइन माहिती भरायचीही सोय आहे. तुमच्या घरचा कर्ता माणूस फॉर्म भरायला बसेल, तेव्हा त्या रकान्याशी थांबून घरातल्या प्रत्येकाला एकदा विचारायला सांगा.